पंपाच्या चिठ्ठीमागे

समुद्रावर गस्त घालणाऱ्या एका विमानाशी माझी सात-आठ वर्षं ओळख होती, पण मी ते कधी पाहिलं नाही. लखनौला कुठला आलाय समुद्र! मी तिथल्या एका सरकारी कारखान्यात विमानांचे इंधनपंप दुरुस्त करायचो.

चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं विमान. आधी प्रवासी नेणारं, मग वायुसेनेचं, आणि सत्तरीच्या दशकात नौदलाचं. हे मला पंपाबरोबर येणाऱ्या कार्डावरून कळलं. पंप कधी बसवला, किती तास उडाला, का उतरवला आणि खाली सही. नौदलातली सही मराठीत होती, चांगली 'ळ'सकट. मी नागपूरचा, क्वार्टरमध्ये एकटा. रविवारी मानक नगरला आपल्या लोकांत बुद्धवंदनेला गेलो तर मराठी कानावर पडायचं, तेही मोठ्यांचंच. पोरं "हाँ अंकल, अच्छा अंकल" करून पळायची. ती सही बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

कार्डावर कामाशिवाय अक्षर लिहिता येत नसे. म्हणून पंपाला सुतळीने बांधायच्या चिठ्ठीमागे मी पेन्सिलीने लिहिलं, 'समुद्र कसा असतो?'

अकरा महिन्यांनी पंप परत आला. नव्या चिठ्ठीमागे उत्तर होतं, 'वरून राखाडी. दिवसभर बघितला की नकोसा होतो. तुमच्याकडे थंडी फार का?' मी अमीनाबादच्या बाजारात घेतलेल्या रजईचं वर्णन लिहून पाठवलं. पुढच्या खेपेला त्याने आईच्या आजारपणाचं लिहिलं. तिच्या तब्येतीची चौकशी करायलाही मला पंपाची वाट बघावी लागली.

कारण पंप बिघडला किंवा त्याचे तास भरले, तरच तो परत यायचा. त्या विमानांचे बाकीचे पंप दुसऱ्या टेबलांवर जायचे, माझ्या वाट्याला हा एकच. म्हणजे मी काम जितकं चोख करणार, तितका माझा दोस्त गप्प राहणार. असला आचरट न्याय मी दुसरा पाहिला नाही.

एकदा मला मोह आवरला नाही. पंपाचं रबरी सील जुनं झालं होतं, पण मापात बसत होतं. नियमाने पास. मी ते तसंच ठेवलं, कारण त्याने पंप लवकर परत येईल हे मला ठाऊक होतं. चिठ्ठीमागे लिहिलं, 'तुमचा पत्ता कळवा.' शिक्का मारला आणि पंप रवाना विभागात दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अर्धा डबा तसाच बंद केला. विमानाच्या खाली नुसतं पाणी असतं, आणि त्या विमानात कधीकधी तोही बसत असेल. मी जाऊन पंप परत आणला, उघडला, नवं सील घातलं.

"अरे भाई, पास था न? फिर क्यों खोला?" फोरमन सगळ्यांसमोर ओरडला.

"मेरी गलती थी, साहब," मी म्हणालो.

पंप गेला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मग ती विमानंच सेवेतून काढली, आणि भंगारात जायच्या सामानाबरोबर पंप शेवटचा आमच्याकडे आला. कार्डावर इंग्रजीत नोंद होती : तास पूर्ण, तक्रार नाही. खाली सही भलत्याच कुणाची. चिठ्ठी उलटून बघितली, मागची बाजू कोरी होती. पत्ता मागताना आपला पत्ता द्यायचं मला सुचलंच नव्हतं.

इतका चांगला शेरा मला नोकरीत कधी मिळाला नव्हता. मी टेबलाशी बसून रडलो. एकदा तरी वाईट काम करायला हवं होतं, असं मनात आलं, आणि मग त्याची लाज वाटली.