भीती आला

माझी अदी घाबरून गेली. डॉक्टर काहीही म्हणोत.

आज तिची तिथी. सकाळी देवापुढे तिच्या नावाची वात लावली, आणि सुनेला म्हटलं, मला मोबाईलवर मराठी टाईप करायचं काढून दे.

अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण. उल्हासनगरला आमच्या शेजारी राहायची. तिच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात भिंत एकच.

आमचे हे अंबरनाथला एमआयडीसीत, शिफ्टला. टीव्ही घेतला नव्हता. अगदीच परवडला नसता असं नाही, पण शेजारी आहे ना, म्हटलं मी. फुकट बघायचं नाही म्हणून तिची भाजी निवडून द्यायची. ती पापड लाटायची.

नव्वदच्या आसपास एक हिंदी सिरीयल लागायची. नाव काही केल्या आठवत नाही. एक साधा क्लार्क. त्याच्या मनात जे जे येईल ते माणूस होऊन त्याच्या घरात शिरायचं.

गुस्सा म्हणजे लाल बनियनमधला पैलवान. लालच म्हणजे सारखे डबे उघडून बघणारी बाई.

आणि डर. बारीक मिशीचा, हातात मिटलेली छत्री. दार वाजवून अगदी अदबीने आत यायचा. आम्ही पोट धरून हसायचो.

क्लार्कला कुणालाच हाकलता यायचं नाही. डर आला की तो त्याला खुर्ची द्यायचा, चहा पाजायचा. चहा पिऊन डर पेंगायला लागला की क्लार्क हळूच चपला घालून कामाला निघायचा.

अदी माझ्याशी हट्टाने मराठी बोलायची. एकदा दुपारी तिने भिंत ठोकली. मी धावले. पिठाचे हात तसेच, आणि ती दाराकडे बघत उभी.

"भाभी, मेरा भीती आला."

"अदी, भीती आला नाही. भीती आली म्हणायचं."

"आली कैसे? टीव्ही में देखा ना. मूँछ है उसको!"

संपलं. तेव्हापासून आमच्यात भीती पुरुष. मॅट्रिकला मराठीत मला चांगले मार्क होते, पण मीसुद्धा म्हणायला लागले, भीती आला.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तो होय? तो आमच्या साहेबाच्या केबिनमध्येच बसतो."

तिच्याकडे तो कधीही यायचा. पोस्टमनने थाप मारली तरी. दुबईहून धाकट्याचा फोन उशिरा आला तरी. लहानपणी सिंधमधलं घर सोडून कॅम्पात आलेली बाई. त्याबद्दल बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "उस दिन भी दरवाजा बजा था."

मग मी चहा टाकायची. एक कप तिला, एक मला, एक स्टुलावर, त्याला.

"साखर कमी घाल," म्हणायची, "त्याला शुगर होईल."

तो कप गार झाला की मीच प्यायची. मला टाकवत नाही. आणि ते बघून तिला हसू फुटलं की समजायचं, झोपला.

सिरीयल मध्येच बंद झाली. शेवटचा भाग नाही, काही नाही. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला दुसरंच काहीतरी.

अदी कितीतरी वेळ टीव्हीकडे बघत राहिली. "अब उसको चाय कौन देगा?"

पुढे काही वर्षांनी तिला पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला. एक बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणली. तोंडात एक शब्द तेवढा राहिला.

"आला."

घरच्यांना वाटलं, दुबईच्या मुलाची वाट बघतेय.

"आला," म्हणायची आणि दाराकडे बघायची.

"आ रहा है अम्मा," मोठा मुलगा म्हणायचा. "बस, पहुँच ही रहा है."

की ती चालत्या हाताने चादर तोंडावर ओढायची.

मला राहवेना. "अरे बाबा, असं नको सांगूस तिला. भीती आला म्हणतेय ती."

"कौन भीती, आंटी?"

"तो... त्या सिरीयलमधला. छत्रीवाला."

त्याने माझ्याकडे बघितलं. जागरणाने डोळे सुजलेले. चिडला नाही. "आंटी, आप भी घर जाके थोड़ा सो जाओ."

त्याचं काय चुकलं? कुणी सांगितलं असतं तर मला तरी पटलं असतं का?

घरी आले, चहा केला. तिच्या उशाशी स्टुलावर कप ठेवला आणि कानात म्हटलं, "बसव त्याला अदी. चहा आणलाय."

तिच्या नाकात नळी. ती नुसती कपाकडे बघत होती. तिची सून आली आणि कप उचलून घेऊन गेली. मुंग्या होतात म्हणाली.

सोमवारी अंबरनाथच्या महादेवाला गेले. हात जोडले, पण मागायचं काय ते कळेना. त्याला ने म्हणू, की तिला?

मग धाकटा आला. थेट विमानतळावरून. जोरात दार वाजवलं.

"अम्मा, देखो! आ गया!" मोठा ओरडला.

तिने दाराकडे बघितलं.

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला तिथे मुलगा दिसला की तो, मला सांगता येणार नाही. डोळे तसेच राहिले.

सगळे म्हणाले, मुलात जीव अडकला होता, तोंड बघून गेली. मुलांनाही तोच आधार. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आता आम्ही बदलापूरला. भिंतीपलीकडे कोण राहतं, नावही माहीत नाही.

आज दुपारी चहा केला. एक कप स्टुलावर ठेवला.

गार झालाय. पिववत नाही. टाकवत नाही.

अदी, तू जिथे असशील तिथे घराला दारच नसो.

तुझ्या भाभीचा नमस्कार.