कागदी फुलांची चौकट

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि घरात पुस्तकासारखं दिसणारं जे काही होतं ते रेशनकार्ड. पालघरच्या कॉलेजातल्या मराठीच्या मॅडम म्हणाल्या, हाताने जे करतोस त्याबद्दल लिही, तेवढं तरी तुला नक्की माहीत असेल. मी हाताने स्क्रॅपबुकं करतो. ती कशी करतात ते सांगता येईल. बाकीचं नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

सकाळी कॉलेज झालं की मी बोईसरला एका गिफ्टच्या दुकानात जातो. दुकान एका काकूंचं आहे. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मैत्री, रुसवा, सगळ्यांसाठी लोक स्क्रॅपबुक करून घेतात. फोटो त्यांचे, सजावट आमची. बाजारात तयार फुलं, मणी, चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, पण काकूंना ते आवडत नाही. त्या म्हणतात, विकत आणलेलं फूल सगळ्यांच्या वहीत सारखंच दिसतं. म्हणून आम्ही सगळं कागदातून काढतो.

नालीदार खोक्याचा पुठ्ठा ओल्या फडक्याने पुसला की वरचा कागद सोलून निघतो आणि आतल्या नाल्या उघड्या पडतात. तो पुठ्ठा हाताने फाडला, कात्रीने नाही, तर त्याच्या लाटा होतात. पांढरा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला की जुन्या पत्रासारखा दिसतो. फुलासाठी पतंगाच्या कागदाची गोल चकती घ्यायची, बाहेरून आत गोगलगाईच्या शंखासारखी कापत जायचं, आणि मग बाहेरच्या टोकापासून गुंडाळत आणायचं. क्विलिंगच्या, म्हणजे नक्षीसाठीच्या बारीक कागदी, पट्ट्या गुंडाळायला दुकानात सुई मिळते. मी बांबूची काडी टोकाला चिरून वापरतो. आमच्या पाड्यावर बांबूचं काम सगळ्यांना येतं, त्यामुळे ही एक गोष्ट मला कोणाकडून शिकावी लागली नाही.

मनोरहून आत गेलं की आमचा पाडा लागतो. घरी आई, वहिनी आणि दादाची मुलगी. शेत पावसावर आहे, भात झोडून झालं की पाड्यावरचे पुरुष कामाला बाहेर पडतात. कोणी वीटभट्टीवर जातात, कोणी बोटीवर. दादा डोंगरातला माणूस, पण गुजरातच्या एका बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. पोहायला नदीत शिकलेला. पहिल्या वर्षी परत आला तेव्हा म्हणाला, "समुद्राला काठ एकच असतो रं." एवढंच सांगितलं.

तिसऱ्या वर्षी त्याची बोट समुद्रातली देशाची हद्द ओलांडून गेली म्हणून पलीकडच्या देशाने ती माणसांसकट पकडली. बोटीवर पाच जण होते. वहिनीला तेव्हा पाचवा महिना होता. त्यानंतर एक पत्र आलं, दुसऱ्या कोणाच्या तरी हस्ताक्षरात, की मी बरा आहे, काळजी करू नका. मग काही नाही.

मुलगी झाली तेव्हा मी तिच्यासाठी नाही, दादासाठी स्क्रॅपबुक करायला घेतलं. तो येईल तेव्हा त्याला मुलीचं जे जे बघायचं राहिलं ते सगळं एका जागी मिळावं, असं मनात होतं. फार विचार केला नव्हता. दुकानात रोज दुसऱ्यांच्या घरातली माणसं चिकटवत होतो, तेच आपल्याही घरासाठी करावं, इतकंच.

पहिल्या पानावर पुठ्ठ्याच्या लाटा केल्या. दुसऱ्या पानावर मुलीच्या पायांचे ठसे. पाय गेरूत बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर उठवले होते, त्यावरून कापून कागदाचे तीन थर एकावर एक लावले, म्हणजे बोट फिरवलं तर पाऊल हाताला लागतं. जावळाचे केस ठेवायला पाकिटाचा खिसा केला. एका पानात खिडकी कापून मागे गोल चकती बसवली. चकती फिरवली की खिडकीत मुलीचा एकेका महिन्याचा चेहरा येतो. ही चकती काकूंना इतकी आवडली की त्यांनी ती दुकानाच्या कामात घेतली. कारखान्यातला एक कामगार बायकोसाठी वही करून घ्यायला आला होता. त्याला लाटांचं पान दाखवलं तर म्हणाला, "भाई, समुंदर मत बनाना. उसने देखा नहीं है, डर जाएगी." त्याला मी शेत करून दिलं.

मुखपृष्ठावर दादाचा फोटो लावला. आमच्याकडे त्याचा एकच धड फोटो होता, बोटीच्या ओळखपत्रासाठी मनोरला काढलेला. त्याचा फोन त्याच्याबरोबर गेला. लग्नातला फोटो आहे, पण त्यात मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलाय आणि उरलेल्यावर मामाचा हात आहे. तर तो एकच फोटो मी घेतला, पक्का चिकटवला आणि त्याच्या कडांवर, चारी बाजूंनी कागदी फुलांची चौकट केली. पांढरी आणि पिवळी. दुकानात प्रत्येक वहीला आम्ही अशीच चौकट करतो. नवरा-बायको असोत, मैत्रिणी असोत, फोटोभोवती फुलं. माझा हात त्याला इतका सरावला होता की डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

रविवारी वही घरी नेली. वहिनीने पानं उलटली, चकती फिरवली, हसली. मग आई आली, हात पदराला पुसत. मुखपृष्ठ बघितलं आणि उभीच राहिली.

"ये काय केलंस?"

"दादासाठी आहे. आला की त्याला द्यायला."

"फोटोला फुलं घातलीस."

"चौकट आहे ती, आई."

वहिनी म्हणाली, "आई, कागदाचीच हायत ती."

"कागदाची सुकत बी नायत," आई म्हणाली. "माणूस जिता हाय. जित्याच्या फोटोला कोन फुलं घालतं? शिकून आलास नं तू?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात हे मलाही माहीत आहे. लहानपणापासून बघत आलोय. पण दुकानातल्या टेबलावर ते मला एकदाही आठवलं नाही.

मी तिथेच बसून फुलं काढायला लागलो. दुकानात आम्ही ती चांगली घट्ट बसवतो, वर्षानुवर्षं टिकावीत म्हणून. पातं घालून एकेक सुटं केलं. बरीचशी निघाली. उजव्या बाजूच्या एका पांढऱ्या फुलाबरोबर फोटोचा वरचा थर सोलून आला, पुठ्ठ्याचा येतो तसाच. दादाचा उजवा कान गेला, आणि मानेपर्यंतची पट्टी. तिथे नुसता खरबरीत पांढरा कागद राहिला. मी वहिनीला दाखवलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊं दे." आईला दाखवलं नाही. तिने नंतर बघितलं असेल.

त्यानंतर काही दिवसांनी पोलीस ठाण्यातून एक हवालदार आले. पकडलेली माणसं आपल्याच देशाची आहेत याची खात्री करायची असते, त्याशिवाय सुटका होत नाही, असं त्यांनी सांगितलं. नाव, बापाचं नाव, शाळेचा दाखला, अंगावरच्या खुणा. आणि फोटो.

मी मुखपृष्ठावरून फोटो जपून सोडवला आणि दिला. त्यांनी तो उजेडात धरला.

"ह्याचा कान कुठंय?"

"आहे कान. फोटोतला निघाला. चिकटवताना."

"कशाला चिकटवत होतास?"

मी वही दाखवली. त्यांनी चकती फिरवून बघितली, दोनदा फिरवली. "कॉलेजात हेच शिकवतात का? आमची पोरगी चौथीत आहे, ती करते असलं." दुसरा फोटो नाही असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी तोच फाइलीत ठेवला. "दुसरा नाही म्हणता, मग बघू. चालला तर चालला."

मनोरच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने दुकान बदललं होतं, कॉम्प्युटरही बदलला होता. इतकं जुनं ठेवत नाही म्हणाला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात त्या फोटोतल्या कानाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. पण ते मनाला लागायचं असं म्हणता येणार नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिल्यावर गाल असतो पण कळत नाही, तसं होतं. कॉलेजला जात होतो, नोट्स उतरवत होतो, बोईसरला जाऊन फुलं गुंडाळत होतो. कोणी विचारलं की भाऊ कधी येणार, तर सांगायचो, कागद गेलेत. दादाच्या वहीत मी पानं वाढवत राहिलो. मुलीचा पहिला दात. ती शेणाने सारवलेल्या अंगणात रांगते तो फोटो. त्या पानाला मातकट कागदाची कडा लावली, फूल नाही. आता मी घरच्या वहीत फूल लावत नाही. मुखपृष्ठावर फोटो होता तिथे चौकोनी डाग आहे, तो तसाच ठेवला आहे.

समुद्रकाठच्या दांडी गावात एक तांडेल राहतात, बोट चालवायचे ते, आता वय झालं म्हणून किनाऱ्यावरच असतात. पकडलेल्या खलाशांच्या सुटकेच्या याद्या येतात त्या आधी त्यांना कळतात, कारण त्यांचा जावईही एकदा अडकला होता. मी त्यांच्याकडे दोनदा गेलो. अंगणात बोंबील सुकत घातले होते, त्यांची बायको ते उलटत होती.

"फोटो खराब असला तर नाव मागं राहतं का?" मी विचारलं.

"फोटूत काय हाय रं? मानूस बगतात."

"पण माणूस तिकडे आहे. इथे फोटोच बघणार ना?"

बायको म्हणाली, "पोराला च्या तरी ईचारा." मग तांडेल म्हणाले, "कुनाचं कशापाय अडतं, ते आमाला बी नाय सांगत. माज्या जावयाचं कशाला अडलेलं, अजून ठाव नाय. यादी आली की मी फोन करतो. तू सारखा नको येव, बस मिळत नाय तुला परतीची."

आईला मी हे काही सांगितलं नाही. आईही विचारत नव्हती. एकदाच, मी निघताना म्हणाली, "त्या पोलिसान् फोटो परत दिला का?" मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाली.

फोन दुपारी आला. मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या आईच्या साठाव्या वाढदिवसासाठी पॉप-अप करत होतो, पान उघडलं की आतून झाड उभं राहतं ते. पानांच्या घड्या अजून राहिल्या होत्या. तांडेलांचा नंबर बघितला आणि बाहेर रस्त्यावर आलो.

"यादी आली," ते म्हणाले. "तुज्या भावाच्या बोटीवरचे चार जन सुटले. परवा हद्दीवर यायचे, मंग रेल्वेनं."

मी विचारलं, "पाचवा?"

"तुजा भाव पाचवा. त्याचं नाव नाय यादीत. त्याचे कागद ऱ्हायलेत म्हनं. कशानं ऱ्हायले ते लिवलेलं नाय. पुढच्या यादीत धरतील. तब्येत बरी हाय, येवढं मला यादी देनाऱ्यानी सांगितलं. तू घरी सांग."

मी बरं म्हटलं. त्यांनीच फोन ठेवला. मग मी घरी फोन लावला, आणि तो आईने उचलला.