चंद्रामावशी आणि वर जाणारं पाणी

कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपच्या गेटाजवळ सकाळी दुचाक्यांची रांग लागते. त्यात एक निळी स्कूटी रोज कडेला, तोंड बाहेर करून उभी असते. ती चंद्रामावशींची. सुटी झाल्यावर गाडी वळवण्यात वेळ घालवणं त्यांना पटत नाही. यंत्रावरून उतरलेल्या पार्टांच्या कडेला राहिलेली धार कानशीने घासून काढायची, हे त्यांचं काम. ते पार्ट मग तपासायला माझ्याकडे येतात. त्यामुळे दिवसभर आमच्या गप्पा चालू असतात.

मावशींचं माहेर वडूजकडचं. तिकडे विहिरीचं पाणी इतकं खोल, की लहानपणी पोहरा ओढून त्यांच्या तळहातांना घट्टे पडले होते. आणि नवरा मिळाला तो पर्यटकांची जीप चालवणारा. आकारामकाका पावसाळाभर लोकांना कोयनेच्या बाजूचे धबधबे दाखवत फिरतात. लग्नानंतर काकांनी त्यांना पाटणच्या वरच्या सड्याची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट खडकाळ पठाराची, गोष्ट सांगितली. सडावाघापूरला वारा सुटला की कड्यावरून पडणारं पाणी खाली जातच नाही, उलटं वर उडतं, असं ते म्हणाले. मावशींना ते खरंच वाटेना. पाणी आपणहून वर येतं, कुणी ओढत नाही, ही जागा एकदा डोळ्यांनी बघायची, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

अडचण एकच होती. मावशींना गाडी लागते. लग्नाची वरात वडूजहून टेंपोतून निघाली, तेव्हा वाटेत नवरदेवाचा फेटा कशासाठी वापरला गेला, हे दोघंही अजून नीट सांगत नाहीत. पुढे दर श्रावणात काका त्यांना जीपमध्ये पुढे बसवून घाटाला न्यायचे. लिंबू झालं, ओवा झाला, आवळासुपारी झाली, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. पाटण सोडून चढ सुरू झाला की एका वळणावर जांभळाचं झाड आहे. तिथपर्यंत मावशी कशाबशा तग धरायच्या. मग काका जीप वळवायचे. धबधबा कुठं पळून जातोय, पुढच्या वर्षी बघू, एवढंच म्हणायचे.

यंदा मात्र मावशींचा गुडघा दुखायला लागला. धबधब्याच्या कडेपर्यंत थोडं चालावं लागतं, आणि पुढच्या श्रावणात तेवढं चालवेल याची त्यांना खात्री वाटेना. एक दिवस त्या कानस खाली ठेवून मला म्हणाल्या, "क्रांती, ड्रायव्हरला कवा गाडी लागती का?"

मी विचार केला. नाही लागत. हँडल ज्याच्या हातात असतं त्याला वळण आधी कळतं आणि अंग आपोआप तयार होतं, असं मी त्यांना समजावून सांगितलं. एवढ्या खोलात त्यांना जायचं नव्हतं. कुपवाडच्या खड्ड्यांतून त्या रोज स्कूटी चालवतात आणि त्यांना कधी काही होत नाही, हे त्यांना पुरेसं होतं. घाट त्या स्वतः चढणार होत्या.

स्कूटी मावशी चालवणार आणि आपण मागे बसणार, हे काकांना पचायला दोन दिवस लागले. उभ्या आयुष्यात ते कुणाच्या मागे बसलेले नाहीत. एसटीत बसले तरी ड्रायव्हरच्या जवळची जागा धरतात आणि रिकाम्या पायाने ब्रेक दाबत राहतात. शिवाय घाटातली सगळी माणसं ओळखीची. ती काय म्हणतील? पण मावशींनी पिशवी भरायला घेतली, तेव्हा काकांनी निमूटपणे स्कूटीची हवा तपासून आणली. मी आणि पॅकिंगमधली समीक्षा माझ्या मोटरसायकलवरून सोबत निघालो.

कराडपर्यंत सगळं ठीक होतं. पाटणला आम्ही चहा घेतला. डोंगरांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या आणि मावशी प्रत्येक रेघेकडे मान वळवून बघत होत्या. मागून काका दर वेळी समोर बघायला सांगत होते. चढ लागला. मावशी गाडी शांतपणे वळवत होत्या, हॉर्न वाजवत होत्या, समोरून येणाऱ्या जीपला बाजू देत होत्या. काकांचे पाय मात्र फूटरेस्टवर सारखे दाबले जात होते. मागून आम्हाला ते दिसत होतं आणि समीक्षा हसू दाबत होती.

जांभळाचं झाड आलं. मावशींना काही झालं नव्हतं. पण मागून काकांचा हात त्यांच्या खांद्यावर पडला.

"थांब चंद्रा. थांब जरा."

काका उतरले, झाडाच्या बुंध्याला हात लावून वाकले आणि पाटणचा सगळा चहा तिथे गेला. माणूस पांढराफटक पडला होता. मावशींनी कमरेची पिशवी उघडली. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी लिंबू घेतलंच होतं. त्यांनी ते नखाने टोकरलं आणि काकांच्या नाकापुढे धरलं.

"हुंगा."

काका कठड्यावर टेकले. मग म्हणाले, "तू जा पोरींच्या संगं. मी हितंच बसतो. येताना घे मला."

मावशींनी वर पाहिलं. सडा फार दूर नव्हता. पवनचक्कीचं एक पातं ढगातून बाहेर यायचं आणि पुन्हा आत जायचं. स्कूटी चालू होती. या झाडाशी त्या इतक्या धडधाकट कधीच उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांनी पुढे हात करून गाडी बंद केली.

"तुमी कवा मला हितं बसवून वर गेलासा का?"

काकांनी त्यांच्या हातातलं लिंबू आपल्या हातात घेतलं.

"मग? चला उठा. चालत जाऊ."

"तुझा गुडघा?"

"गुडघा माझा हाय. मी बघते."

समीक्षाने स्कूटी घेतली, मी मोटरसायकल. आम्ही दोघी सावकाश पुढे जायचो आणि एखाद्या वळणावर थांबून त्यांची वाट बघायचो. घाटाची वळणं टाळून सरळ वर जाणारी गुराख्यांची पायवाट काकांना माहीत होती. ओल्या गवतातून, मध्ये आडव्या येणाऱ्या ओढ्यांतून दोघं चढत होती. काका एका हाताने मावशींना धरायचे आणि दुसऱ्या हातातलं लिंबू मधूनमधून हुंगायचे. कोण कुणाला वर नेत होतं, हे लांबून कळत नव्हतं. जिथे वाट रस्त्याला मिळे, तिथे मावशी दगडावर बसून गुडघा चोळायच्या. आता गाडीवर बसा, असं मी दोनदा म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

सड्यावर पोचलो तेव्हा धुकं उतरलं होतं. हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नव्हतं. कड्याकडे जाण्यात अर्थ नव्हता. तिथे बिरदेव नावाचा धनगर ताडपत्रीखाली चहा विकतो आणि राहणाऱ्यांना तंबू देतो. पर्यटकांमुळे काकांची आणि त्याची जुनी ओळख. स्कूटीवर समीक्षा आणि मागून चालत आलेले, चिखलाने माखलेले काका बघून तो म्हणाला, "आकारामदा, जीप कुठं हाय? आज क्लीनर झालासा व्हय?"

"आज पाशिंजर," काका म्हणाले. "आन् तेबी वाटंत उतरलेला."

बिरदेव इतका हसला की चहा उतू गेला. मग त्याने मावशींच्या गुडघ्याला शेकायला गरम विटेचा तुकडा फडक्यात बांधून दिला. तंबूत झोपण्याची मावशींची ही पहिलीच वेळ. आत शिरल्यावर तंबूचं कापड चाचपून, शिवण चांगली असल्याचं त्यांनी सांगितलं. वारा मात्र पडलेला होता. काका पुन्हा पुन्हा बाहेर डोकावत होते, जणू वारा सुटला नाही तर तो त्यांचाच गुन्हा.

सकाळी तंबू फडफडण्याच्या आवाजानेच आम्ही जागे झालो. धुकं फाटलं होतं. पवनचक्क्या जोरात फिरत होत्या. मावशी लंगडत पुढे, काका त्यांच्या पदराचं टोक धरून मागे. सरकारी रेलिंगजवळ आम्ही थांबलो.

सड्यावरचा ओढा कड्यापर्यंत येत होता, खाली उडी घेत होता आणि अर्ध्यातूनच वारा त्याला उचलून परत वर फेकत होता. पाणी आमच्या डोक्यावरून उडून मागच्या गवतात पडत होतं. मावशी भिजल्या. त्यांनी तोंड पुसलं नाही. दोन्ही तळहात उघडे करून पुढे धरले. पाणी खालून येऊन त्यांवर साचलं.

मग त्या म्हणाल्या, "आय असती तर तिला दावलं असतं. म्हनली असती, पान्या, मग आमाला हिरीवर कशाला रं राबवलंस?"

काका हसले आणि दुसरीकडे बघू लागले.

परत निघताना मी सुचवलं, की काका स्कूटी चालवतील आणि मावशींना मी चालत उतरवेन. दोघांनीही मला वेड्यात काढलं. मावशीच पुढे बसल्या. मागे काका बसले, पण या वेळी पायाने ब्रेक दाबला नाही. मावशींच्या खांद्यावरून पुढे बघत त्यांनी मोठ्याने सांगायला सुरुवात केली. आता डावीकडे. आता उजवीकडे, दगड आहे. आता लांब वळण, हळू. घाट त्यांना पाठच होता. जांभळाचं झाड आलं आणि मागे गेलं. कुणीच थांबलं नाही.

पाटणला घाट संपला आणि काका गप्प झाले. कराडच्या रस्त्याला आम्ही त्यांच्या बरोबरीने जात होतो, तेव्हा मावशींचा आवाज ऐकू आला.

"आवं, गप का बसलासा? सांगा की."

"आता काय सांगू? वळनच न्हाई."

"मग सरळ म्हना."

"सरळ," काका म्हणाले.