कप्तानमामाचा आडोसा

नाव कुठं लावायची हे ठरवायला आमच्या कप्तानमामांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात दुसऱ्या माणसानं घर बांधून वास्तुशांतही उरकली असती. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, पूर्णा जंक्शनात रेल्वेचे फिटर. तरुणपणी सहा महिने मुंबई बंदरात खलाशी होते. त्या सहा महिन्यांवर त्यांनी जन्मभर मिशीला पीळ दिला. लोक त्यांना चेष्टेनं कप्तान म्हणू लागले आणि मामांनी ते खरंच धरलं. जुन्या फळ्यांची एक नाव बांधली आणि सुट्टी आली की गोदावरीतल्या बेटांमधून भटकायला सुरुवात केली. निजामाच्या राज्यात रेल्वे वेळेवर धावत होती. ती दुरुस्त करणारे मामा तेवढे उशिरा पोचत.

नाव थांबवायला त्यांनी मामीच्या जात्याची वरची दगडी तळी उचलली होती, कारण तिला दोर ओवायला आयतं भोक होतं. मामी तेव्हापासून शेजारणीकडं दळायची. मुक्कामाची जागा निवडताना मामा आधी बेटाला पुरता वळसा घालत, ओलं बोट वर धरून वारा बघत, मूठभर भुसा टाकून धार बघत, मग दगड सोडून दोर तीनदा ओढत. एवढं करून मान हलवत आणि पुढच्या बेटाकडं निघत. कुणी कंटाळलं की म्हणत, "किनारा कुठंबी भेटतो. आडोसा हुडकावा लागतो."

माझं लग्न मार्गशीर्षात गोरज मुहूर्तावर होतं. बोहल्यावर नेसायचं पिवळं लुगडं मामानं आणायचं आणि नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, ही आमच्याकडची रीत. आमचं गाव नदीकाठचं, म्हणून मामा मामीला घेऊन नावेनंच निघाले. बैलगाडीनं आलेले पाहुणे दुपारीच जेवून पानं खात बसले होते. मामांची नाव मात्र दिवस कलेपर्यंत समोरच्या बेटाभोवती फिरत होती, आणि मांडवातून ती सगळ्या वऱ्हाडाला दिसत होती. वडिलांनी भोयाला होडीतून पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "कप्तान आडोसा बघायलेत. वारा सुटला तर म्हनून."

झाडाचं पान हलत नव्हतं. घंगाळातलं घटिकापात्र बुडालं, मुहूर्ताची वेळ भरली, भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला. मी आईचं जुनं लुगडं नेसून उभी राहिले आणि माझ्या पाठीशी पेडगावचा कुणी लांबचा पाहुणा उभा राहिला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.

अक्षता पडून गेल्यावर मामा आले, कमरेपर्यंत भिजलेले, डोक्यावर पिवळं लुगडं. म्हणाले, "जागा लय झ्याक भेटली, बाई. तुफान आलं तरी नाव हालायची न्हाई."

"मामा, तुफान कुठं हाय?" एवढंच मी विचारलं.

त्यांनी लुगडं माझ्या हातात दिलं. परत जाताना बैलगाडीनं गेले, नाव तिथंच ठेवून. मला त्यांचा संताप आला होता आणि तो मी जपून सासरी नेला.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस गोदावरीला मोठा पूर आला. दोन्ही काठांवरच्या घाटांच्या नावा वाहून गेल्या. बेटाआडची मामांची नाव तेवढी राहिली. जागा खरंच झ्याक होती, हे मला कबूल करावं लागतं. माझं सासर पलीकडच्या काठाला. पहिलटकरणीला माहेरी न्यायचं राहून गेलं आणि पूर ओसरत असतानाच माझ्या कळा सुरू झाल्या. सुईण माहेरच्या गावात, मध्ये नदी. पुराचं ऐकून मामा नाव बघायला माझ्या माहेरी आलेच होते; पलीकडून हाक गेली तेव्हा बेटापर्यंत पोहत जाऊन ती नाव घेऊन ते आले. भोयाला वल्ह्यावर बसवलं होतं आणि दगड, दोर, भुशाची पिशवी सगळं जागच्या जागी होतं.

मला नावेत घेऊन माहेरच्या काठाजवळ आले तेव्हा वाटलं, आता हे बोट वर धरणार. पण मामांनी बेटाकडं पाहिलंसुद्धा नाही. उघड्या काठावर, भर चिखलात नाव सरळ घुसवली. मी कण्हत म्हटलं, "मामा, आडोसा?"

"मरू दे आडोसा," ते म्हणाले. "येकदा येळ चुकलो, बास झालं."

त्यांनी आणि भोयानं मला हातांवर उचलून वर घरी नेलं. दगड पाण्यात सोडला नाही की दोर कशाला बांधला नाही. दिवस मावळायच्या आत मला मुलगा झाला. तोवर मामा दारात माझ्या खोलीकडं पाठ करून उभे होते, आणि नाव केव्हाच धारेला लागून गेली होती.

त्यांनी पुन्हा नाव बांधली नाही. कुणी हळहळलं तर फक्त हसत. मामी मात्र शेवटपर्यंत म्हणायची, "नाव जायची ती गेली. माझं जातं तेवढं उतरवून घ्यायचं."