दाऊदभाईंनी शिवलेलं पुडकं

शुक्रवारी दुपारी जेवायला बसणार, इतक्यात लतीफचा फोन आला. लतीफ म्हणजे दाऊदभाईंचा दम्मामच्या खोलीतला सोबती, त्यांच्याच गावचा. ‘साहेब, दाऊदभाई गेले,’ एवढं बोलून तो रडायलाच लागला. तबूककडून रिकामा ट्रेलर घेऊन येत होते. वाटेत एका पंपावर गाडी व्यवस्थित बाजूला लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं ते टेकलंच. मी ‘अरे देवा’ वगैरे म्हणालो, पण खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते कपाटातलं पुडकं. चार महिने ते माझ्या शर्टांच्या मागे पडून होतं, आणि मी ते केव्हाच पोचवलं, असं दाऊदभाईंना सांगून मोकळा झालो होतो.

मी पाइपांचे वेल्ड तपासतो. दिसायला चांगला आहे म्हणून सांधा पास करायचा नाही, आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, हेच माझं काम. तीस वर्षांत ते अंगात इतकं मुरलंय की घरातल्या भाजीतही मीठ पडलंय का ते विचारून मगच मी घास घेतो, असं माझी बायको अनघा सांगत असते. दाऊदभाईंची ओळखही अशीच झाली. ते पाइप घेऊन आमच्या यार्डात आले, आणि दोन पाइपांच्या तोंडांची झाकणं निघालेली पाहून मी अख्खा ट्रेलर परत पाठवला. शेलाट्या, पांढऱ्या दाढीच्या त्या ड्रायव्हरनं माझ्या खिशावरचं नाव वाचलं आणि स्वच्छ मराठीत विचारलं, ‘नेतो परत. पण चहा पाजाल का साहेब, का त्याची पन तपासणी हाय?’ रेवदंड्याच्या पलीकडच्या गावातला माणूस, मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेला. त्यानंतर महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ते धाहरानला आमच्या घरी यायचे. आमच्या कंपनीच्या कॅम्पाच्या गेटवर त्यांचा पास मी काढून ठेवायचो. ताइफची फेरी झालेली असली की अनघासाठी गुलाबपाण्याची बाटली ठरलेली.

आखातात गावी निघालेल्या माणसाची बॅग त्याची एकट्याची कधीच नसते. कुणाची औषधं, कुणाचा खजूर, कुणाच्या लेकीचा फ्रॉक. दाऊदभाईंच्या खोलीवर त्याचा एक नियम होता आणि तो त्यांनीच घातलेला होता. प्रत्येक पुडकं चादरीवर उघडायचं, नेणाऱ्यानं वस्तू न् वस्तू हातात घेऊन बघायची, मग त्याच्यासमोरच बांधायचं. मला हा नियम फार आवडला. या माणसावर विश्वास टाकायला हरकत नाही असं मी ठरवलं ते त्या चादरीपाशीच.

मग मला ती वही दिसली. एकदा आमच्याकडे चहा घेताना दाऊदभाई त्यांच्या पिशवीतून चष्मा काढत होते, वही खाली पडली आणि उघडली. पानावर सहा टोकांची चांदणी काढलेली होती, ज्यूंची. खाली बारीक अक्षरात मराठी मजकूर, त्यात खैबर आणि तायमा ही इथल्या उत्तरेकडच्या जुन्या गावांची नावं. मी विचारलं तर म्हणाले, ‘गावच्या एका बाईंसाठी लिवतोय.’ सौदीत ट्रेलर चालवणारा मुसलमान माणूस गावातल्या बाईसाठी ज्यूंची चांदणी काढतो! माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. मदिनेहून तबूकला जाताना हे खैबरला अर्धा दिवस का थांबतात? मोबाइलमध्ये काळ्या दगडांच्या पडक्या भिंतींचे इतके फोटो कशाला? कोण मागवतंय ते? अनघा म्हणाली, ‘अहो, तिकडं आता पर्यटकांच्या बसेस जातात.’ पण मला माझा इकामा, इथं राहायचा परवाना, दिसत होता, निवृत्तीला उरलेली दोन वर्षं दिसत होती. मी गेटवर त्यांचा पास काढणं बंद केलं. कधी ड्यूटी आहे म्हणालो, कधी पाहुणे आहेत म्हणालो. त्यांनी एकदाही कारण विचारलं नाही, आणि त्याचाही मला संशयच आला.

मी सुट्टीवर निघालो तेव्हा ते यार्डातच पुडकं घेऊन आले. खाकी कापडात गच्च शिवलेलं, वर शाईनं त्यांच्या गावचा पत्ता आणि ‘हन्नाबाई यांस’. म्हणाले, ‘साहेब, हे उघडायचं नाय. हाय तसं त्यांच्या हातात द्यायचं.’ नियम घालणारा माणूसच नियम मोडत होता! तोंडावर नाही म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून घेतलं. घरी आणून कपाटात टाकलं आणि पुण्याला जाऊन आलो. परतल्यावर त्यांनी विचारलं, ‘दिलंत?’ मी म्हणालो, ‘दिलं की.’ एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण खोटं बोलणारा माणूस तपशील भरतो, हे मी दुसऱ्यांच्या रिपोर्टांत कितीदा पकडलंय. मी सांगितलं, ‘म्हातारी खूश झाली. लगेच चष्मा लावून वाचायला बसली.’

दाऊदभाई माझ्याकडे बघत राहिले. ‘चष्मा लावून?’

‘हो.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले, आणि थर्मासमधला चहा त्यांनी मला ओतून दिला... त्यांच्या हातचा तो शेवटचा चहा.

दफन दम्मामलाच झालं. दोन दिवसांनी मी खोलीवर गेलो. लतीफनं त्यांच्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या: दोन सदरे, चष्मा, सुतळीचा गुंडा, पोती शिवायचा दाभण. मी जरा सावधपणेच हन्नाबाईंचा विषय काढला. लतीफला काहीच लपवायचं नव्हतं. हन्नाबाई गावातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणी ज्यू, घरातल्या. ‘शनवार तेली म्हनायचे त्यांना. शनवारी घाना बंद.’ तरुणपणी दाऊदभाई त्यांच्या घाण्यावर कामाला होते, पेंडेची पोती शिवायला त्यांनीच शिकवलं. बाकीची घरं एकेक करून इस्राएलला गेली, त्या बापाचं थडगं सोडून जायला तयार झाल्या नाहीत. वहीतली चांदणी त्या थडग्यावरची. दाऊदभाई पहिल्यांदा सौदीला निघाले तेव्हा हन्नाबाई म्हणाल्या होत्या, ‘त्या मुलखात कधी काळी आमची मान्सं होती म्हनतात. बघून ये रे, आनि मला सांग.’

म्हणून हा माणूस इतकी वर्षं बघत होता. म्युझियमातल्या पाट्यांचे फोटो आणायचा, लतीफ त्यातलं अरबी वाचायचा. मग दाऊदभाई ते मराठीत उतरवून खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवायचे. बाबिलोनचा एक राजा राजधानी सोडून दहा वर्षं तायमाला येऊन राहिला होता, कदाचित त्याच्याच फौजेबरोबर ज्यू इथं आले असतील. दक्षिणेत येमेनच्या राजांनी ज्यूंचा धर्मच घेतला होता. खैबरच्या किल्ल्यांत ज्यू राहायचे, खजूर पिकवायचे. पुढं खलिफांच्या काळात त्यांना शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघून जावं लागलं. आणि शेवटी आपली जंजिऱ्याची हबशी राजवट, आंग्र्यांचं आरमार, त्यात चाकरी करणारे हन्नाबाईंचे पूर्वज. लतीफला शेवटची ओळ पाठ होती. ‘बाई, लई राजांनी तुमच्या लोकांना जा म्हटलं. आपल्या किनाऱ्यावर कुनी म्हटलं नाय, तरी गाव रिकामं झालं. तुम्ही राहिलात, म्हनून हे कुनाला तरी लिहिता आलं.’

‘मग ते शिवलं कशाला?’ मी विचारलं. शेवटचा संशय तेवढाच उरला होता.

लतीफला माझ्या अज्ञानाचं नवल वाटलं. ‘त्यांना दिसत नाय ना साहेब. दहा वर्सं झाली, दोन्ही डोळे गेले. टाक्यांवर बोट फिरवलं की दाऊदची शिवन त्या वळखतात. त्यांनीच उसवायची, मग नेनाऱ्यानं आतली वही वाचून दाखवायची. तुम्हाला सांगितलं नाय? विचारलं असतंत तर सांगितलं असतं की त्यांनी.’

मी विचारलंच नव्हतं. मी फक्त संशय घेतला होता. आणि ‘चष्मा लावून’ म्हणालो, त्याच क्षणी दाऊदभाईंना सगळं कळलं होतं. कळूनही त्यांनी मला चहा दिला. माझी लाज त्यांनी माझ्यापाशीही उघड केली नाही... या गोष्टीनं मला जेवढं रडवलं तेवढं त्यांच्या जाण्यानंही रडवलं नाही, हे इथं लिहून टाकतो.

हन्नाबाई आहेत. लतीफनं गावी फोन करून विचारलं. दाऊदचं काही आलं का, असं दारातून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात म्हणे. तो गेल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, ते काम माझ्याकडे आलंय. येत्या गुरुवारी मी निघतोय, आणि या खेपेला आधी रेवदंडा, मग पुणं. काल बॅग भरताना पुडकं बाहेर काढलं. आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही, सगळं लतीफच्या तोंडचं. विमानतळावर कुणी उघडायला लावलं तर काय, हा विचार मनात आलाच, स्वभाव कुठं जातो. मग मी डोळे मिटले आणि शिवणीवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या अंतराचे टाके, कोपऱ्यावर दुहेरी गाठ, कुठे सैल नाही, कुठे सुटलेलं नाही. सांधा पास झाला की मी त्याच्याशेजारी खडूनं सही करतो. इथं केली नाही. पुडकं तसंच बॅगेत सगळ्यांत वर ठेवलं. तपासणी हन्नाबाई करतील.