धानात ठेवलेला लॅपटॉप

बालाघाटच्या बसस्टँडवर गोंदियाची गाडी लागली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले नाही जायचं." लॅपटॉपची काळी पिशवी मी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून बाबांनी इकडंतिकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "जाय बाई. नाही जमलं तं वापस ये. घर काही पळून नाही जाऊन राह्यलं." कंडक्टरला त्यांनी हिंदीत सांगितलं, "भैया, लड़की अकेली है, स्टेशन के पास उतार देना." गाडी सुटली तरी त्यांनी हात हलवला नाही, नुसते उभे राहिले. भीती त्यांनाही वाटत असणार, पण धरायला त्यांच्याकडं पिशवी नव्हती.

मी जन्माची भित्री, हे आधीच सांगून ठेवते. बैहरला मावशीकडं जायचं तर घाटात डोळे गच्च मिटून जीपमध्ये बसायची. अशा मुलीला पुण्यात विम्याचे कागद तपासायची नोकरी लागली, आणि अट काय, तर लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. नवा घ्यायची आमची ऐपत नव्हती. बालाघाटला एका दुकानात मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप साफसूफ करून विकायला ठेवलेले असत. त्यातला एक आम्ही घेतला. जाडजूड, काळा, चार्जर विटेएवढा. झाकणावर कसलंसं स्टिकर खरवडल्याचा चौकोन होता, आणि दोन-तीन बटनांवरची अक्षरं कोणाच्या तरी बोटांनी पार पुसून गेली होती.

"अंकल, ये टैंक है," दुकानदार म्हणाला. "नए वाले बैठ जाते हैं, ये नहीं बैठेगा."

बाबांची शंका वेगळीच. "जिसका था, वो आदमी जिंदा है ना?" मेलेल्या माणसाच्या हातातली वस्तू आमच्याकडं घरात आणत नाहीत. दुकानदार हसून म्हणाला, नौकरी बदल ली होगी. मला हसू आलं नाही. लॅपटॉप सुरू केला की सगळ्यात आधी काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ यायची: हे यंत्र अमक्या कंपनीची मालमत्ता आहे. "लिखा रह गया है, रहने दो," दुकानदार म्हणे! राहू दे कसं? उद्या ती कंपनी दारात आली तर?

आमचं गाव बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीकडचं. रोवण्याचे दिवस होते, सकाळपासून घरातले सगळे बांधीत धान लावायला. घर उघडं, भिंतींना ओल आलेली. मायनं मीठमिरची ओवाळून आधी लॅपटॉपची नजर काढली. मग तो जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि नेऊन धानाच्या कोठीत पुरला. आमची कोठी मातीची, माणसाएवढी उंच. मायची सोन्याची पोत त्यातच, दिवस आले की सीताफळं पिकायलाही त्यातच. "चोराले दिसत नाही, आन् ओलबी लागत नाही," माय म्हणाली. मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक. मग लॅपटॉप धानात ठेवणं म्हणजे शहाणपणाची कमालच. बाबाही खूश, मीही खूश. शिकायचं असलं की मी तो उकरून काढायची, फडक्यानं पुसायची, आणि काम झालं की पुन्हा आत.

पुण्यात आले. एका खोलीत आम्ही तिघी, शेजारच्या कॉटवर सांगलीची स्नेहल. गाव कुठलं म्हणून कोणी विचारलं की मी बालाघाट सांगायची. मध्य प्रदेश म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग मराठी कशी काय येते?" मी 'हौ' म्हटलं की हसायच्या. म्हणून आठवडाभरात मी 'हो' म्हणायला शिकले आणि फोनवर मायशी बोलायला जिन्यात जायला लागले. गावी कोणी मला घाबरट म्हटलं तर त्याच्याशी भांडायला माय होती. इथं घाबरायचं तेही आपलं आपण, कोणाला न दिसता.

आणि मग लॅपटॉप ओरडायला लागला. पहिलं ट्रेनिंग खोलीवरूनच ऑनलाइन होतं; ते सुरू झालं की अर्ध्या तासात आतला पंखा ठणाणा करायचा, खालचा भाग तव्यासारखा तापायचा, आणि फट्कन पडदा काळा. पहिल्यांदा झालं तेव्हा शिकवणाऱ्या मॅडम माझंच नाव घेऊन काहीतरी विचारत होत्या. मी काळ्या पडद्यात माझंच तोंड बघत बसले. पुन्हा सुरू केला तर काय यावं समोर? हे यंत्र अमक्या कंपनीची मालमत्ता आहे. झालं! माझी खात्रीच पटली. त्या कंपनीला पत्ता लागला, तिकडून बटन दाबून बंद करताहेत. आज बंद केला, उद्या पोलीस. तुम्ही हसाल, पण मी जिन्यावर पावलं वाजली की लॅपटॉप उशीखाली सारत होते.

खरं संकट पुढंच होतं. ट्रेनिंग संपल्यावर परीक्षा होती, तीन तासांची, कॅमेरा सुरू ठेवून, एकदाच. मधे बंद पडलं तर नापास, आणि नापास म्हणजे सामान बांधा. बाबा 'वापस ये' म्हणाले होते खरं, पण गावभर पेढे त्यांनीच वाटले होते. मी लॅपटॉपखाली स्टीलची ताटली ठेवून पाहिली, ओला नॅपकिन ठेवून पाहिला, खिडकीत नेऊन पाहिला. जेवण जाईना.

परीक्षेच्या आदल्या दुपारी स्नेहल वैतागली. "अगं, किती रडतेस! उघडून बघ की. असले ऑफिसचे लॅपटॉप उघडायला सोपे असतात, खाली नुसते स्क्रू." वॉचमनकाकांकडून तिनं स्क्रूड्रायव्हर आणला. मी स्क्रू काढत होते आणि मनात एकच, झाकण परत बसलं नाही तर? फुटला तर? खालचं झाकण टक्‌ आवाज करून सुटलं आणि माझ्या तोंडून "माय वो!" निघालं.

वारा बाहेर टाकायची जाळी करड्या लोकरीसारख्या कशानं तरी गच्च बसली होती. मी बोटानं ओढलं. लुगड्याचे धागे. धानाचा भुसा, कोंडा, कुसळं. आणि पंख्याच्या कडेला अडकलेला धानाचा एक अख्खा दाणा.

ना पोलीस, ना कंपनी. आमची कोठी! मी हसायला लागले, मग रडायला लागले, स्नेहलला काही कळेना. जुन्या टूथब्रशनं सगळं झाडून काढलं. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला, आणि त्याचीही भीती घेऊनच मी दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसले. तिन्ही तास कान पंख्याकडं. पंखा नुसता गुणगुणत राहिला.

पास झाल्याचं फोनवर सांगितलं तर माय काय म्हणावी? "म्या म्हटलं नव्हतं? धानात ठेवली वस्तू कधी खराब होत नाही." आता बोला! मी नुसतं 'हौ' म्हटलं. तीन वर्षं झाली. नोकरी टिकली, लॅपटॉपही टिकला.

परवा मायचा फोन आला. माझी धाकटी बहीण पूजा पुढच्या आठवड्यात हैदराबादला निघाली आहे. तिलाही तसलाच जुना लॅपटॉप घेतलाय. माय म्हणाली, "फिकर नको करू. तिचाबी कोठीत ठेवला, तुयासारखा."

मी फोन घेऊन जिन्यात गेले. पूजा माझ्याहून भित्री. मी सगळं सांगून टाकलं, काळा पडदा, उशी, भुसा, तो दाणा.

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

"तू खूश होतीस म्हणून."

"आन् तू तिथं एकटी भेत बसली."

"हौ."

"मलेबी लय भेव लागत होतं, पोरी," माय म्हणाली. "तुले तं कोठीत ठेवता येत नव्हतं. मंग लॅपटॉपच ठेवला."

तुमच्यातले जे असेच घर सोडून आले, त्यांनी सांगावं, यावर काय बोलायचं असतं. मी इतकी वर्षं समजत होते की घर म्हणजे भीती न वाटायची जागा. तिथं तर माझ्या वाट्याची भीती माय धानात पुरत होती.

"माय," मी म्हटलं, "ठेव कोठीतच. पण आधी प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळ, तोंड घट्ट बांध, आन् मंग ठेव."

"हौ," ती म्हणाली, आणि फोन तसाच चालू ठेवून कोठीचं झाकण काढायला गेली. मी जिन्यात उभी राहून धान उकरल्याचा आवाज ऐकत राहिले.