जिन्यातलं गाणं

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. आमच्या वरचे गृहस्थ पलसाण्याच्या एका कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये कामाला आहेत आणि डिंडोलीतल्या मराठी मंडळाच्या संगीत नाटकात राजा आहेत. या राजाला नाचत गावं लागतं. दिग्दर्शकानं बजावलं होतं, "नाचताना दम लागला, तर राजा दुसरा. तुम्ही मागे भालदार म्हणून उभे राहा."

तेव्हापासून ते मिलमधून आले की पोट सावरत, गात गात जिना चढायचे. सूर दुसऱ्या मजल्यावर तुटायचा. तिथल्या वहिनी दारातून अहिराणीत विचारायच्या, "काय भाऊ, गाडी आठेच बंद पडनी का?" आत माझी बायको लाटणं थांबवून हसायची.

ती गेली आणि जिन्यातलं गाणं थांबलं. संध्याकाळी नुसती धाप ऐकू यायची. प्रयोग जवळ आला, तेव्हा मी दार उघडून विचारलं, "गाणं का नाही?"

"सर, तुमच्या घरी दुखवटा," ते कुजबुजले. "असं कसं गाणार?"

"मग काय, भालदार होणार?"

"होईन की. भालदाराला नाचावं लागत नाही." ते हसले, पण नीटसं जमलं नाही.

"खाली जा," मी म्हणालो, "आणि पहिल्यापासून म्हणा."

ते खाली उतरले. सूर निघाला, वहिनींच्या दारापाशी डुगडुगला आणि तसाच वर आला. ते घामानं निथळत होते. बोलायला थांबले असते, तर दम सुटला असता. म्हणून त्यांनी गातागाताच मला हात जोडले आणि ते वर चढत राहिले.